शेजारची रिकामी खुर्ची

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. भाड्याच्या खुर्च्या पुसता पुसता लिहायला बसलो आहे.

प्रिय सुगेंगदादा,

बाबांच्या जागी गावाचा लुराह, म्हणजे गावप्रमुख, व्हायला मी एकटाच उभा होतो. एकट्या उमेदवाराला रिकाम्या पेटीविरुद्ध लढावं लागतं, तो ज्यांना नको ते त्या पेटीला मत देतात, हे तू विसरला नसशील. सकाळपासून मी मंचावर बसलो होतो आणि शेजारी पेटीच्या नावाची रिकामी खुर्ची होती. मत देऊन आलेले कार्तोकाका त्या खुर्चीला वाकून म्हणाले, "सुगेंग, ये रे बाबा लवकर. तोवर तुझी जागा आम्ही राखतो." सगळे हसले. मीही हसलो.

पेटी जिंकली. लुराहला पगाराऐवजी मिळणारी शेतं आता आपल्याकडून जातील.

तू मलेशियात गेल्यापासून सहा वर्षांत तुझं एकही पत्र आलेलं नाही. आईला तुझी म्हणून वाचून दाखवतो ती पत्रं मीच लिहितो. मागच्या पत्रात "लवकरच परत येतो" असं लिहिलं होतं. आईने ते गावभर सांगितलं.

हे पत्र पाठवायला माझ्याकडे तुझा पत्ता नाही.

तुझा धाकटा भाऊ,
वार्नो

रिकामी पेटी ४१२, मी १८७. आईने मत कोणाला दिलं, ते मी विचारलेलं नाही.