रुक्मिणीकाकींनी अर्ध्यात मिटलेलं पुस्तक

पुणे
७ जानेवारी २०२५

ती. तुळसाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तुझ्याऐवजी शेजारच्या दोघी ऐकतात, म्हणून पत्रच लिहिते.

आत्या, माझं जमलेलं लग्न मोडायला आलंय, आणि तेही माझ्याच कादंबरीमुळे. दिवाळीत देवबागला गेले तेव्हा चंदनच्या आईला, रुक्मिणीकाकींना, मी मोठ्या तोऱ्यात सही करून पुस्तक दिलं होतं. ते त्यांनी आता वाचायला घेतलं. तुला ठाऊकच आहे, कादंबरी सगळी 'मी'च्या तोंडून आहे आणि ती बाई महा आतल्या गाठीची. सासूच्या ताटात नुसती कढी ओतते आणि सुरमईची तुकडी भाताखाली लपवून आपण खाते. शेजारणीच्या हापूसच्या कलमाला मिठाचं पाणी घालते. वर वाचणाऱ्याला ऐकवते की, मी आहे म्हणून हे घर उभं आहे!

काकींनी पुस्तक अर्ध्यात मिटलं आणि चंदनला विचारलं की, जिच्या डोक्यातून हे निघतं, ती माझ्या चुलीपाशी काय करील? चंदन म्हणतो, मी आईला समजावतो. समजावणार काय, कपाळ! त्याने स्वतः वीस पानांपुढे वाचलेलं नाही. आणि मी तर इथली नोकरी सोडून त्याच्याबरोबर होमस्टे चालवायला जायचं ठरवलंय. काकींच्या मनातून उतरून मी त्या घरात एक दिवस राहू शकणार नाही. मला चंदनही हवा आणि ती कादंबरीही. बाई वाईट आहे खरी, पण तिला गोड केली तर पुस्तकात काही उरतच नाही. काहीतरी कर गं.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ नेहमीचाच असू दे, या खेपेला मात्र थोडा देवबागेकडे वळव.

तुझी
अक्षया

*

मसुरे
१८ जानेवारी २०२५

चि. अक्षया हिस तुळसाआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. काजूला मोहर बरा आहे, माकडांनी ठेवला तर. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. गो बाय, होणाऱ्या सासूला कुठलं पुस्तक द्यावं याची काही अक्कल? लोणच्यामुरंब्यांचं एखादं दिलं असतंस!

तुझी ती बाई मीही वाचली. कलमाला मीठ घातलं तेव्हा 'शिरा पडो तुझ्या तोंडार' असं इतक्या मोठ्याने म्हटलं की, आपलं काय चुकलं ते विचारायला दाजी अंगणातून आत आले. पण पुस्तक काही खाली ठेववलं नाही. चुलीवरची पेज करपली.

दाजींना पाहिलं आणि मला सुचलं. त्यांनी उभा जन्म दशावतारात राक्षसाचं काम केलं. रंगमंचावर डोळे वटारून देवांना आव्हान देणारा हा माझा नवरा घरात पाल दिसली तर मला हाक मारतो. त्यांना एसटीत घातलं आणि थेट देवबाग गाठली.

रुक्मिणीबाई अंगणात सुके बांगडे उलटत होत्या. तोंड फुगलेलं. मी काही तुझी वकिली केली नाही. त्यांच्याकडचंच पुस्तक मागितलं आणि दाजींना ते सुरमईचं पान राक्षसाच्या आवाजात वाचायला लावलं. दाजींनी भुवया चढवल्या, मांडीवर थाप मारली आणि सासूबाईंना आज कढीच, अशी गर्जना केली! काय सांगू तुला, रुक्मिणीबाई हसता हसता खालीच बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या की, लहानपणी याच राक्षसाला त्यांनी पुढे बसून भरपूर शिव्या घातल्या होत्या, आणि सकाळी तोंडाचा रंग धुतल्यावर चहाही त्यांच्याच घरून गेला होता.

तेव्हा मी तोंड उघडलं. राक्षसाला चहा देता, मग माझ्या भाचीनेच काय घोडं मारलंय, असं विचारलं. त्या पुन्हा बांगडे उलटू लागल्या. होय म्हणाल्या नाहीत. पण निघताना दाजींच्या हातातून पुस्तक मात्र काढून घेतलं. आता देवाक काळजी.

वेळेवर जेवत जा. आमचा लोभ आहेच, तो तुला मागावा लागू नये.

तुझी
तुळसाआत्या

*

देवबाग
२९ जानेवारी २०२५

चि. अक्षया हिस रुक्मिणीचा आशीर्वाद.

फोनवर बोलायचं तर चंदन कान लावून बसतो, म्हणून लिहिते. सवय नाही, चुकलं तर हसू नको.

दाजी गेल्यावर तुझं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून काढलं. काय मेली बाई ती! असलीला मी अंगणात पाय ठेवू देणार नाही. पण आता पुढे काय करील, हे कळल्याशिवाय चैनही पडेना. पाहुण्यांची सोलकढी बिनमिठाची झाली, चंदनने तोंड वाकडं केलं, मी लक्षच दिलं नाही. शेवटी घरात कुणी उरत नाही, ती एकटी अख्खी सुरमई घेऊन बसते आणि म्हणते की, बघा, सगळी मलाच मिळाली. तिथे माका रडूक इला. रडू यावं अशी ती बाई नव्हे. तू आणलंस.

मग मनात आलं, की हिचा सगळा खोटेपणा या मुलीला लख्ख दिसतोय. ज्याला तो एवढा दिसतो, त्याच्या हातून तसं व्हायचं नाही. माझा जीव भांड्यात पडला. तुझाही पडू दे.

साखरपुडा भराडी देवीच्या जत्रेच्या आदल्या रविवारी धरलाय. दाजींना बोलावणं माझ्याकडून. तुझ्या ताटातली सुरमई भातावरच असेल, खाली शोधू नको.

एक अट मात्र आहे. तुझ्या पुस्तकातली सासू एवढं सोसते आणि चकार शब्द काढत नाही. असली सासू मी या किनाऱ्यावर पाहिलेली नाही. पुढचं पुस्तक तिच्या तोंडून लिही. तिला तोंड कुठून आणू म्हणशील, तर इकडे आल्यावर माझं घे.

लोभ आत्ता कुठे जडलाय, तो दोघी मिळून वाढवू.

तुझी सासू
रुक्मिणी