पाचपासून सुरू होणारी टेप

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठणठणीत आहोत. तुमच्या डोळ्यांबद्दल विचारत नाही, कारण विचारलं की तुम्हाला राग येतो. (मामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार, म्हणून तुम्हालाही इथेच नमस्कार.)

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही तीनदा पुढे ढकललीत. तिसऱ्यांदा म्हणालात, जाईन तर माझ्याच गाडीतून, ती दुरुस्त झाली की कळव. माझ्या अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीचा मागचा डावा शॉक अॅब्सॉर्बर स्प्रिंगसकट मोडलाय आणि तिचे पार्ट निघायचे बंद होऊन बारा वर्षं झाली, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर गॅरेज चालवलेल्या माणसाने सख्ख्या भाच्याला असं कात्रीत पकडावं, याचं वाईट वाटलं आणि थोडं कौतुकही वाटलं.

मी पडलो पुस्तकं बांधणारा माणूस. माझं काम बिघडलं तर फार तर एखादं पान गळतं. तरी हिय्या करून भंगारवाल्याकडून एका थोराड गाडीचा शॉक अॅब्सॉर्बर आणला. वरचं टोक बसलं. खालचं टोक मात्र आपल्या गाडीच्या भोकापासून अंतर राखून, बळजबरीने लग्नाला उभं केल्यासारखं लटकत राहिलं. दोघांना जोडायला मधे भक्कम ब्रॅकेट हवा होता. लोखंड शोधत घरभर हिंडलो आणि नजर खाटेवर पडली. (हो, तुम्ही आलात की जिच्यावर दुपारी घोरता तीच.) तिचा पायथ्याकडचा एक पाय काढला, तुम्ही दिलेल्या टेपने अंतर मोजलं, सतरा सेंटिमीटर भरलं, आणि तो आकडा नि पाय वेल्डरच्या हवाली केला.

वेल्डर तुमच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे तोंडाने तिखट आणि कामाला चोख. त्याने त्याच्या टेपने सतरा मोजून दुहेरी पट्टीचा ब्रॅकेट केला, चार बोल्ट घातले, प्रत्येकाला दोन-दोन नट लावले. जॅक काढला आणि गाडीने मागचा डावा कोपरा असा उचलून धरला, की समोरच्या बिऱ्हाडातला कुत्रा आदराने बघत राहिला. आम्ही दोघं तासभर एकमेकांच्या अकलेवर बोललो. शेवटी आई बाहेर आली, टेप हातात घेतली आणि म्हणाली, "अरे, दादाची टेप पाचपासून सुरू होते. पुढचा तुकडा त्याने कधीच कापून माझ्या शिवणयंत्राखाली घातलाय. तो मनातल्या मनात पाच वजा करतो."

मामा, इतकी वर्षं तुम्ही पाच वजा करत होतात आणि कुणाला सांगावंसंही वाटलं नाही. टेप देताना तरी सांगायचं. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तुमची फार आठवण आली.

दुसरा ब्रॅकेट बारा सेंटिमीटरचा केला. (खाटेचा पायथ्याकडचाच दुसरा पाय.) वेल्डरने मागच्या सीटवर वाळूची पोती टाकून गाडी गतिरोधकांवरून दिवसभर पिदडली, मग चाक काढून एकेक नट तपासला. एकही हललेला नव्हता. तरीही आईचं म्हणणं, दादाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आता तुम्हीच काय ते ठरवा.

तुमचा भाचा

ता. क. ऑपरेशननंतर आठवडाभर आमच्याकडेच राहायचं आहे. डॉक्टर म्हणाले, उशाकडची बाजू उंच हवी. खाटेची व्यवस्था मी केलेलीच आहे.

ता. क. २ (मामी, हे मोठ्याने वाचू नका.) आई काल त्या गाडीतून बाजारात जाऊन आली. मांडीवर पाण्याचं पातेलं घेऊन बसली होती, थेंब सांडला नाही. खाली उतरून म्हणाली, दादाला सांगू नकोस, नाहीतर तपासायला म्हणूनसुद्धा यायचा नाही.

ता. क. ३ मामा, ही ओळ मुद्दाम मुंगीएवढ्या अक्षरात लिहिली आहे. ही तुम्ही स्वतः वाचलीत, तर ऑपरेशनचा विषय मी जन्मात काढणार नाही. मामींनी वाचून दाखवली असेल, तर सोमवारी सकाळी आठला तयार राहा, गाडी दारात उभी असेल.