झेंड्यासमोरची विहीर

ता. दारव्हा,
९ मार्च १९५८

ती. देवरावदादास,
प्रभावतीचा जयभीम, वि. वि.

विहीर कुठवर आली म्हणून विचारता. बावीस हातांवर काळा खडक लागला, तो फुटता फुटत नाही. आमचे तरुण मंडळ दिवाळीपासून रोज मजुरीला जाण्याआधी खणते. अठरा जण होतो, सात उरलो. ज्यांना टोपली उचलवत नाही ते भाकरी देतात. शेजारची हंसाबाई स्वतः अर्धपोटी राहून देते. ती भाकरी आता घशाखाली उतरत नाही.

आपण बौद्ध होऊन गावकीची कामे सोडल्यापासून गावच्या विहिरीवर आपल्या घागरीत कोणी पाणी ओतत नाही. आई कोसभर नाल्यावर जाते. परवा घागरीसकट पडली, गुडघा सुजलाय. वैशाख सरेपर्यंत नालाही आटेल, मग वस्ती उठवावी लागेल. मी फार थकले आहे, दादा.

बंजारा तांड्यावरचे धावजीबाबा बघून गेले. म्हणाले, पोट्टेहो, इथं कायले खपून राह्यले, पाणी खाली चिंचेपाशी हाये. नारळ फिरवणाऱ्या पाणाड्याला आम्ही आधीच हाकलले होते. बाबांनाही सांगितले, असल्या गोष्टी आम्ही सोडल्या. ते निघून गेले.

आमची आठवण असू द्या.
तुमची,
प्रभावती

नागपूर,
१७ मार्च १९५८

चि. प्रभावतीस,
देवरावचा जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

आईला नाल्यावर पाठवू नको असे लिहिणार होतो. मग पाणी कोण आणेल, असे तूच विचारशील.

जागा मी ठरवली. वस्तीतल्या निळ्या झेंड्यासमोर विहीर शोभेल एवढेच पाहिले. पाणाड्याला हाकलले ते बरेच केले, पण धावजीबाबांच्या हातात नारळ होता काय? त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिले. शंभर बैल घेऊन मुक्कामाला उतरणाऱ्याला पाणी कुठे आहे हे ठाऊक असावेच लागते. आपण शहाणे झालो, त्या भरात म्हाताऱ्याला अडाणी ठरवले. हे पत्र सर्वांना वाचून दाखव. शिव्या मला घालू देत. तू बाबांची माफी माग.

मिलमध्ये सुटी मिळत नाही, याची लाज वाटते. लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा दादा,
देवराव

ता. दारव्हा,
११ मे १९५८

ती. दादास,
प्रभावतीचा जयभीम, वि. वि.

पत्र वाचले तेव्हा शिव्या कोणी दिल्या नाहीत. मंडळातला गोविंदा नुसता खाली बसला. पाच महिन्यांची मेहनत मातीत गेली म्हणाला. दुसऱ्या दिवशी चिंचेपाशी तिघेच आलो. तांड्यावर माफी मागायला गेले, तर बाबांनी ती ऐकूनही घेतली नाही. उलट नातवाला, खेमसिंगला, पहार देऊन पाठवले. तांड्याचा माणूस खणतोय हे पाहून आपले काम सोडून गेलेलेही एकेक परतले. लाजेने आले असतील, पण आले.

मंगळवारी चौदा हातांवर पाणी लागले. ओरडायचे त्राण कोणात नव्हते. पहिला तांब्या बाबांना द्यावा, असे सर्वांच्या मनात होते. पण आपल्या हातचे ते घेतील का, म्हणून कोणी पुढे होईना. मीही भरलेला तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. तेव्हा बाबाच म्हणाले, पोरी, मले तहान लागली, पाज ना. आणि ते गढूळ पाणी उभ्याउभ्याच प्यायले.

आई रडली. मला रडूही आले नाही, इतकी थकले होते. तांब्या घेऊन तिथेच मातीत बसले.

जमेल तेव्हा या. माया ठेवा.
तुमची,
प्रभावती