ताहिरची ओळ

१ ऑक्टोबर

नाही बदलणार. एक शब्दसुद्धा नाही!

यासिरला ओवी वाचून दाखवली हीच चूक. आमच्या खालच्या खोलीत राहतो, सुदानचा, इंजिनिअरिंगला आहे. मला मावशी म्हणतो. तिकडे आपसातच लढाई पेटलीय. थोरला भाऊ ताहिर सरकारी सैन्यात, मधला बंडखोरांत. मधला गेला — ताहिरच्याच चौकीसमोर. गोळी कोणाची, कोणालाच माहीत नाही. हे त्यानेच रडत सांगितलं आणि मी ओवी रचली. भावाच्या ओवीत कौतुकच असतं, मी ती उलटी फिरवली. म्हणून तर धार आलीय!

"ताहिरने चाप ओढला, भाऊ पडला दारात."

अर्थ सांगितला तर पोराचा चेहराच उतरला. "मावशी, ताहिरने नहीं मारा." चहा तसाच टाकून गेला.

३ ऑक्टोबर

जेवायला वर आला नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "कविता केलीस की निकाल दिलास?" झोंबलं. पण ती ओळ काढली की सगळी ओवी मटकन खाली बसते. आणि कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर वाचायचीय. कार्यक्रम बसवणाऱ्या सुनीताने मला शेवटी ठेवलंय, मानाने.

५ ऑक्टोबर

जिन्यात यासिर भेटला. नजर चुकवत म्हणाला, त्यांच्या गावात बाईने गाण्यात कोणाचं नाव घेतलं की ते जन्मभर चिकटतं. पुसता येत नाही.

त्याची आई एका लेकाला पुरून बसलीय. दुसऱ्याला खुनी ठरवणारी मी कोण लागून गेले? पण ओळ चांगली आहे हो. फार चांगली आहे!

६ ऑक्टोबर, कोजागिरी

यासिर मागे भिंतीला टेकून उभा. त्या ओळीपाशी आले आणि तोंडून निघालं —

"ताहिरने बंदूक टाकली, भावाला घेतलं उरात."

टाळ्या बेताच्याच. सुनीताने मोबाइलवर सगळं घेतलं, वर म्हणाली, शेवट जरा गोडच झाला गं. झाला तर झाला! मसाला दुधाचा पेला यासिरने मला स्वतः आणून दिला.

१२ ऑक्टोबर

यासिरला ताहिरचा फोन आला होता. गोळी त्याचीच.

आईला अजून सांगितलेलं नाही. यासिर दारातच उभा राहिला. "मावशी, वो गच्चीवाली ओवी भेजो ना. अम्मीला मी अर्थ सांगतो."

पाठवली.