हाउगासारे गावची पाटी

मी, एल्दूर साविक, वय चोवीस, धंदा मासेमारी, शिक्षण सातवी, हे स्वतःच्या हाताने, दारू न पिता, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, मृत्युपत्र म्हणून लिहीत आहे. प्रकृती चांगली आहे. मात्र उद्या गोठलेल्या तळ्यावर वाट आखायची पाळी माझी. सर्वांत तरुणाने पुढे चालत ज्युनिपर झुडपाच्या फांद्या रोवायच्या, बाकीच्यांनी मागून यायचे, असा आमचा रिवाज. वडील याच कामात बुडाले.

१. घर आत्या लीदा साविक हिला. जमीन सरकारची, ती मला देता येत नाही. पण १९२४ सालच्या वसंतात बर्फ किनाऱ्यावर चढून तीन घरे चिरडली, त्यानंतर बर्फ अडवायला आजोबांनी रचलेली दगडांची रांग आमची. तीही आत्याला. दगड सरकारने वाहिले नव्हते.

२. तळ्याच्या तळाचा नकाशा गावाचा; शेजारी ओस्कार तोम यांनी तो फक्त सांभाळावा. आजोबांनी ओळंबा सोडून खोली मोजली, सदतीस खडकांना नावे दिली. युद्धात धक्का जळला, पुढे होड्या सामुदायिक संस्थेत गेल्या. नकाशा पिठाच्या पिंपाखाली राहिला. गेल्या उन्हाळ्यात ओस्कारकाका संस्थेच्या नव्या तांडेलावर ओरडले, “डावीकडे घे रे, पुढे म्हातारीचा दात आहे!”

“काका, माझ्या कागदावर दात नाही.”

बोटीचा पंखा खडकाला लागून तुटला.

“आता काढून घे कागदावर!” काका म्हणाले.

तरी त्या तांडेलाने मागितल्यास नकाशा दाखवावा. बोटीत इतर माणसेही असतात.

३. गावाची पाटी. आमचे गाव कागदोपत्री शेजारच्या किविरानात मिळवले, तेव्हा ती मी रस्त्यावरून उपटली. गुन्हा कबूल. ती सरपणाच्या खोलीत आहे. माझे प्रेत सापडो वा न सापडो, वडिलांशेजारी माझ्या नावाने तीच रोवावी. कबरीवरची पाटी काढायला कोण येतो ते बघू.

४. नोंदणी कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “ठिकाण किविराना लिही. नाहीतर कागद रद्द होईल आणि आत्याला घर मिळणार नाही.” घरी येऊन आत्याला विचारले.

“किविरानाला मी मीठ आणायला जाते,” ती म्हणाली. “राहते कुठे ते तुला ठाऊक आहे. लिही.”

ठिकाण: हाउगासारे.
दिनांक: ९ जानेवारी १९७८.
सही: एल्दूर साविक

साक्षीदार:
ओस्कार तोम, वय ७१, राहणार हाउगासारे.
हेल्यू तोम, वय ६८, राहणार हाउगासारे.

घर मला मिळायचे म्हणून मी साक्षीदार होऊ शकत नाही. पण राहणार हाउगासारे. — लीदा साविक