मिशांची पेटी, सुतारकामाची हत्यारे आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे पंच्याहत्तर पूर्ण, पूर्वी शाळेत भाषा आणि नाटक शिकवणारी, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, पण तो वयाने, कोणाच्या धाकाने नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी धाकटी बहीण "आत्ताच कशाला हे अभद्र" म्हणून सारखी आडवी येते आहे. मी बरी आहे म्हणूनच लिहिते आहे. आजारपणात माणूस एक तर फार उदार होतो नाही तर फार चिडतो, आणि दोन्ही वेळी वाटणी चुकते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची नेमणूक करते. ती व्यवसायाने वकील आहे. शाळेत तिला सगळे खर्ज म्हणत, कारण ती बोलली की बाकाचे लाकूड घुमायचे. मसुदा वाचून ती म्हणाली, "बाई, मृत्युपत्रात गोष्टी लिहायच्या नसतात. वस्तू लिहायची आणि कुणाला ते लिहायचं."

"आणि का ते?"

"ते कायद्याला नको असतं."

"मला हवं आहे."

"मग निदान कलमं तरी घाला," ती म्हणाली. म्हणून कलमे घातली आहेत.

कलम १. मी राहते ते घर, वरच्या दोन खोल्या, खालचे स्वयंपाकघर आणि मागचे अंगण यांसह, माझ्या पश्चात माझ्या मुलीच्या मालकीचे होईल. मात्र माझी धाकटी बहीण हयात असेपर्यंत तिला या घरातून कोणी हलवू नये, आणि खिडकीजवळची खुर्चीही हलवू नये. मुलगी परगावी असते. ती आली की सामान आवरायला घेते आणि गेली की आम्हा दोघींना महिनाभर किसणी सापडत नाही. हा आरोप नाही. ती बापावर गेली आहे. त्यांनाही प्रत्येक वस्तूला जागा करायची हौस होती.

कलम २. माझे यजमान सुतार होते. फर्निचर करत, आणि लग्नानंतर त्यांच्या नशिबी शाळेच्या नाटकांची नेपथ्येही आली. त्यांची सगळी हत्यारे, म्हणजे रंधे, पटाशा, करवती आणि ज्याला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही तो काटकोन तपासायचा गुण्या, शाळेच्या कार्यशाळेला द्यावीत. हत्यारे भिंतीवर शोभेला लावू नयेत. वापरावीत, बोथट करावीत, धार लावावी. आमच्या मुलींच्या शाळेत मुलगे आले त्या वर्षी विश्वस्तांनी वेळापत्रकात लिहिले होते की मुलग्यांना सुतारकाम आणि मुलींना शिवण. आमचे हे शाळेत दार बसवायला आले होते, त्यांनी तो कागद वाचला आणि मला विचारले, "मग दोघांच्या घरातली खुर्ची मोडली तर एकानेच उठायचं का?" ते भांडायला कुठे गेले नाहीत. शनिवारी दुपारी शाळेच्या पडवीत बाक मांडून बसू लागले आणि जो येईल त्याला, जी येईल तिला रंधा धरायला शिकवू लागले. वेळापत्रक आपोआप बदलले.

कलम ३. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी तक्रार करू नये, कारण यात त्या स्वतः आहेत.

माझ्या ताब्यातली मिशांची पेटी मी शाळेच्या नाट्यमंडळाला देते. पेटी सागवानी आहे, यजमानांनी केलेली. आत चार कप्पे आहेत आणि त्यांवर त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे: कोवळ्या, करारी, खलनायकी, आजोबा.

ही पेटी का लागली ते सांगते. आमची शाळा मुलींची होती. खाजगी, अनुदान न घेता फीवर चालणारी, सकाळी भरणारी आणि संध्याकाळी सुटणारी. नाटकात राजे, चोर, सेनापती सगळे मुलीच व्हायच्या. पुढे पुढे पट कमी होत गेला. आईबापांना दोन्ही मुले एका दारात सोडायची होती, मुलीला इकडे आणि तिच्या भावाला गावाच्या दुसऱ्या टोकाला ही सकाळची पळापळ कोणाला नको होती. विश्वस्तांनी ठरवले, मुलगे घ्यायचे. चित्रकलेच्या सामानाची खोली रिकामी करून तिथे मुलग्यांचे स्वच्छतागृह केले. पहिले वर्ष तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलग्याला टर्पेंटाइनचा वास यायचा.

मी मुलगे येण्याच्या बाजूची होते. पण जिभेला इतक्या वर्षांची सवय. पहिल्याच दिवशी मी वर्गात शिरले आणि म्हणाले, "मुलींनो, उभ्या राहा." मुली उभ्या राहिल्या. मागच्या बाकावरून एक गोलमटोल मुलगा अदबीने म्हणाला, "बाई, आम्ही पण उभ्या राहू का?" वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून मी "मंडळी" म्हणू लागले. तो मुलगा आमच्या अध्यक्षांचा नातू होता.

अध्यक्ष म्हणजे विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. सज्जन माणूस, पण प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे, त्यामुळे त्यांचे साधे बोलणेही निकालासारखे वाटायचे. वार्षिक संमेलनाच्या सभेत त्यांनी घसा खाकरला. "यंदा पुरुषांची कामं मुलग्यांना द्यायची, बाई. पालकांना आपल्याकडे मुलगे आहेत हे दिसलं पाहिजे. मुलींनी मिशा लावायचे दिवस संपले."

खर्ज तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. आधीच्या वर्षांत ती पहारेकरी झाली होती, दूत झाली होती, प्रधान झाली होती. राजा शेवटच्या वर्षाच्या मुलीला मिळायचा, अशी आमची रीत होती. मिशांच्या पेटीची किल्ली तिच्याकडे असे. सभेची बातमी फुटली तशी ती पेटी घेऊन माझ्याकडे आली. रडली नाही. पेटी टेबलावर ठेवली, वर किल्ली ठेवली.

"मुलग्यांना द्या बाई. त्यांनाही अजून फुटलेल्या नाहीत. लागतील त्यांना."

मुलगे आले म्हणून या पोरीच्या हातचे काही जात असेल, तर आपण दार उघडले की फक्त एकाला उठवून दुसऱ्याला बसवले, हे मला कळेना. मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी म्हणाले, नाटकाचं वाचन सगळ्यांना खुलं ठेवणार, ज्याला जे हवं त्याने ते वाचावं. तसं नको असेल तर यंदा नाटक दुसऱ्या कोणी बसवावं.

"राजीनामा लिहून आणलात का?"

"नाही."

"बरं केलंत. मला कागद वाया गेलेला आवडत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "वाचन घ्या. पालकांनी नावं ठेवली तर आपण दोघी घरी."

"माझ्या घरी जागा आहे," मी म्हणाले.

वाचनाला खर्ज यायला तयार नव्हती. मैत्रिणींनी तिला ओढत आणली. तिने राजाचे भाषण वाचले. नंतरची पाळी एका उंच मुलग्याची होती. राजासाठी अध्यक्षांनी त्याचेच नाव सुचवले होते. तो उभा राहिला, पुस्तक उघडले आणि मिटले. "बाई, मी पहारेकरी झालो तर चालेल? तिथून ऐकूही चांगलं येईल."

मग अध्यक्षांचा नातू पुढे आला. "मला दाई द्या, बाई."

त्या नाटकात राजाला लहानपणी सांभाळलेली एक म्हातारी दाई होती, बहिरी आणि तोंडाळ. मी विचारले, "दाईच का?"

"राजा बोलतो पुष्कळ. पण हशा सगळा दाईला आहे."

"घरी काय सांगशील?"

"नाटकात आहे म्हणेन. खोटं नाही ते."

अध्यक्षांना मी आपणहून काही सांगितले नाही. त्यांनी विचारले असते तर सांगितले असते.

संमेलनाला सभागृह भरले. पहिल्या रांगेत अध्यक्ष, शेजारी त्यांची वृद्ध आई. आईंना ऐकू कमी यायचे, म्हणून पुढे बसवले होते. मी विंगेत उभी होते. दाई काठी टेकत आली, पदर सावरला, कानामागे हात धरला आणि राजाला म्हणाली, "मोठ्याने बोल, मी काय भिंतीला कान लावून बसले आहे का?" सभागृह हसले. अध्यक्षही हसले. दाईने पुन्हा कानामागे हात धरला, मान तिरकी केली, आणि अध्यक्षांचे हसू अर्ध्यावर थांबले. त्यांनी नातवाला ओळखले होते. पण नुसते तेवढे नव्हते. त्यांनी मान वळवून शेजारी पाहिले. शेजारी त्यांच्या आई अगदी तसाच हात कानामागे धरून, तशीच मान तिरकी करून बसल्या होत्या. पोराने पणजीच उचलली होती, काठीच्या ठोक्यासकट.

आणि म्हातारबाई, आपण हळू बोलतो आहोत अशा समजुतीने, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात लेकाला म्हणाल्या, "ही कोण रे म्हातारी? मुद्द्याचं बोलते."

त्यानंतर नाटक बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही. अध्यक्षांचा चष्मा मांडीवर पडला होता आणि ते रुमालाने डोळे पुसत होते. विंगेत मोठ्या बाई माझा हात धरून उभ्या होत्या. मी त्यांना तोवर कधी हसताना ऐकले नव्हते. त्या हसताना घुबडासारखा आवाज यायचा.

शेवटच्या अंकात खर्जची मिशी सुटू लागली. दिव्यांच्या उष्णतेने डिंक पातळ झाला होता. एक टोक लोंबले. राजा तेव्हा राज्य सोडून निघत असतो. तिने वाक्य न थांबवता मिशी अलगद काढली, कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि पुढे बोलत राहिली. सभागृहात एकही माणूस हसला नाही. समोर राजाच होता.

पडदा पडल्यावर अध्यक्ष मागे आले. मला वाटले आता खाकरणार. ते साध्या आवाजात म्हणाले, "आई विचारते आहे, पुढच्या वर्षी ती म्हातारी पुन्हा असेल का?" पुढच्या सभेत त्यांनीच ठराव मांडला की भूमिका वाचनानेच ठरतील. आपण आधी काय म्हणालो होतो याचा त्यांनी उल्लेख केला नाही, आणि मीही केला नाही. त्यांनी रंगमंचाला स्वतःच्या पैशाने मखमली पडदा करून दिला. तो जांभळा होता. अध्यक्ष आता नाहीत, तरी पडद्याचा रंग मला अजून मान्य नाही, हे नोंदवून ठेवते.

सबब, पेटी शाळेला. करारी कप्प्यात एक मिशी कमी भरेल. तिचा शोध घेऊ नये.

कलम ४. त्या राजाचा झगा, माझ्या झोपायच्या खोलीच्या पडद्यातून शिवलेला, मी खर्ज वकीलबाईंना देते. तो पडदा परत लावला गेला नाही, त्यामुळे आम्ही नवराबायको पुढे आयुष्यभर उजाडताच उठलो. यजमान कुरकुर करत, पण पहाटेचा चहा आम्ही दोघांनी सोबत घेतला तो त्यामुळेच.

कलम ५. बँकेतील शिल्लक, घराची डागडुजी वगळून, शाळेच्या नाटकासाठी. अट एकच. भूमिका वाचून द्याव्यात. हजेरीपटावर मुलगा लिहिले आहे की मुलगी, ते बघून नव्हे. ही अट मोडल्यास रक्कम माझ्या बहिणीकडे जावी. ती सहलीला जाईल.

कलम ६. गणिताचे सर. यांनी दर वर्षी संमेलनाच्या तोंडावर माझे तालमीचे तास उजळणीसाठी पळवले आणि वर "तुमची मुलं पाठांतराला पक्की असतात, माझी कच्ची राहतात" असे सांगितले, जणू मुले वेगवेगळी होती. दर रविवारी ते आमच्याकडे बुद्धिबळ खेळायला येतात आणि बहिणीशी हरतात. मुद्दाम हरतात, असा माझा संशय आहे. बहिणीचाही आहे, पण ती ते बोलून दाखवत नाही, आणि रविवारी केस नीट विंचरते. सरांना मी बुद्धिबळाचा पट देते, या सूचनेसह की तो या घरातून बाहेर नेऊ नये. खेळायचे असेल तर इथे यावे. काय ते समजून घ्यावे. दोघांचीही वये पाहता फार वेळ लावू नये.

हे कलम वाचून बहीण स्वयंपाकघरात निघून गेली आहे आणि भांडी जरा जास्तच आवाज करत आहेत. तरी ते तसेच ठेवते.

कलम ७. माझ्यामागे शाळेत शोकसभा घेतली तर दोन मिनिटे शांतता पाळू नये. शांत वर्गावर माझा कधीच विश्वास बसला नाही. त्याऐवजी त्या वर्षी नव्याने आलेल्या मुलामुलींना रंगमंचावर बोलवावे, त्यांनी न वाचलेले एखादे नाटक हातात द्यावे आणि मोठ्याने वाचू द्यावे. कोणी काय वाचायचे ते त्यांनी आपसात भांडून ठरवावे. भांडण मिटेपर्यंत मोठ्यांनी मध्ये पडू नये, आणि खुर्च्यांवरून कोणी उठू नये. वेळ लागला तर लागू द्यावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि माझ्या खुशीने त्यावर सही करते.

सही: बाई

साक्षीदार १: दातांचा डॉक्टर, शाळेतले टोपणनाव दाई. बाईंची बत्तिशी पूर्ण नाही, बुद्धी पूर्ण आहे, असे मी लिहून देतो. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळत नाही हे मला सही केल्यावर सांगण्यात आले.

साक्षीदार २: शेजारच्या वह्यापुस्तकांच्या दुकानाची मालकीण. सही माझ्यासमोर झाली. पेन माझ्या दुकानातले आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल

दिनांक: शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याआधीचा रविवार, आकड्यांतली तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे. सह्या चालू असताना गणिताचे सर आले. बहिणीने पट मांडला आहे, आणि आज ती म्हणते की पांढरी मोहरी आणि पहिली चाल सरांनी घ्यावी.