देवाच्या मुठीचे तांदूळ

इंचॉन, दक्षिण कोरिया, नोव्हेंबर १९७८

प्रिय आई,

पोटभर जेवून लिहायला बसलेय, तेव्हा आधी ती काळजी सोड.

तुझी पिशवी पोचली. रोज भात टाकताना तू देवासाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढतेस, ते रविवारी चर्चच्या मंडळीत द्यायचे असतात. ते इकडे कसे गं पाठवलेस? पाळकांनी विचारलं तर काय सांगशील? संपामुळे गिरणीने काढून टाकलेल्या पोरी माझ्याकडे दोन दिवस त्याचीच पेज प्यायल्या. पोलीसही येऊन गेले, पण सभ्य होते.

बाबा अजून रागावलेत का? सणाला मी घरी आले तेव्हा म्हणाले, “प्रभूने आत्मे तारायला सांगितलंय, संप करायला नाही. कम्युनिस्ट झालीस तू!” मीही फटकन बोलले, “उपाशी माणसाच्या ताटात नुसती प्रार्थना वाढू का?” तेव्हापासून त्यांची एक ओळ नाही. खोकला कसा आहे त्यांचा?

आणि हो, तुझी गाठ ओढली की सुटते. या पिशवीची मला दातांनी सोडवावी लागली. बैलावर ओझं बांधावं तशी गाठ आपल्या घरात एकच माणूस मारतो.

मी ओळखलं, हे त्यांना सांगू नकोस.

तुझी, आणि त्यांचीही,
सुनबोक